पंचवीस लाखांत कोल्हापुरात घर: आधी पाणी बघा, मग फ्लॅट बघा

वाचकाचं पत्र:

नमस्कार. आम्ही मूळचे भुदरगड तालुक्यातले. मिस्टर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉपला आहेत, मी राजारामपुरीत एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दोघांचे मिळून हातात ५२ हजार येतात. राजारामपुरीतच साडेनऊ हजार भाड्यानं राहतो. मुलगी पुढच्या जूनला पहिलीत जाईल. ठेवी मोडून ८ लाख उभे राहतात. तीन फ्लॅट बघितले. रमणमळ्याकडं दोन बेडरूमचा जुना फ्लॅट २३ लाखांत मिळतोय. पाचगावला नवीन इमारत उठतेय, तिथं दोन बेडरूम ३४ लाख, दोन लाख इसार आठवड्यात द्या म्हणतात. जवाहरनगरात एक बेडरूम, पंधरा वर्षांची इमारत, तिसरा म्हणजे शेवटचा मजला, लिफ्ट नाही, २७ लाख. सासरे म्हणतात फ्लॅटचा नाद सोडा, गावाच्या कडेला दोन गुंठे घ्या आणि हळूहळू बांधा. मिस्टरांचं मन पाचगाववर आहे. मला गाडी येत नाही. प्रत्येकजण आपापलं सांगतो, रात्री झोप लागत नाही. आमच्यासारख्यांनी कोल्हापुरात घर घ्यायचंच नाही का?
— प्र. अ., राजारामपुरी

उत्तर:

ताई, घ्यायचं, आणि तुमच्या पैशात मिळतं. पण आठवड्यात नाही. कुणी आठवड्याची मुदत घातली असेल तर ती त्याची गरज आहे, तुमची नव्हे. तेव्हा आजपासून आठवड्याची भीती डोक्यातून काढा, म्हणजे निम्मी झोप परत येईल.

आधी आकडा ठरवू. आकडा ठरला की तीन फ्लॅटांतला एक आपोआप गळतो. महिन्याचा हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. ५२ हजारांचा तिसरा हिस्सा म्हणजे सव्वासतरा हजारांच्या थोडं वर. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी २० लाख कर्ज काढलं तर हप्ता साधारण १७,३५० रुपये बसतो. म्हणजे कर्जाची मर्यादा २० लाख. बँक याहून जास्त देईलही. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा बँकांना आहे. पण बँक देते म्हणून घेतलं, तर हप्त्याच्या तारखेला शाळेची फी आणि हप्ता यांत ओढाताण तुमच्या घरात होणार, बँकेत नव्हे.

आता तुमचे ८ लाख. त्यातला एक लाख बाजूला ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. आजारपण आहे, एमआयडीसीत कधी काम कमी होतं, ओव्हरटाइम बंद होतो. उरले ७ लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर १ टक्का अधिभार, नोंदणी फी १ टक्का (जास्तीत जास्त ३० हजार). फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला तर ती मिळत नाही. पंचवीस लाखांच्या घराला तुमच्या एकटीच्या नावावर मुद्रांक सव्वा लाख आणि नोंदणी २५ हजार, म्हणजे दीड लाख. वकील, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल), बँकेची प्रोसेसिंग फी, सामान हलवणं, किरकोळ रंगरंगोटी याला पन्नास हजार धरा. झाले दोन लाख. उरलेले पाच लाख घरात आणि २० लाख कर्ज. तुमचा आकडा २५ लाख. हा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि एजंटला फोनवर २५ सांगतानाही आवाज खाली करू नका.

घर तुमच्या नावावर घेतलं तरी कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. त्यांचा पगार धरूनच बँक कर्ज देईल. ही गोष्ट फ्लॅट ठरण्याआधी दोघांनी शांतपणे बोलून घ्या. २५ हजार वाचतात म्हणून परस्पर ठरवू नका. ज्याचा पगार हप्त्यात जाणार त्याला आपलं नाव दारावर नाही याचं वाईट वाटू शकतं, आणि ते वाटणं रास्त आहे. दोघांच्या नावावर घ्यायचं ठरलं तर २५ हजार जास्त धरा. त्यानं घर हातचं जात नाही.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाच्या अनुदानाचा भाग आहे. वर्षाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठंही नवरा, बायको किंवा अविवाहित मुलांच्या नावावर पक्कं घर नसावं अशा अटी आहेत. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. तुमचं उत्पन्न वर्षाला सव्वासहा लाखांच्या आत आहे, आणि गावचं घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर ते तुमच्या आड येत नाही. जुना फ्लॅट विकत घेतला तरी योजना लागू होते. बँकेत पहिल्याच भेटीत याचा अर्ज मागा. मात्र हे पैसे हिशेबात धरू नका. मिळाले तर कर्जात भरा.

आता पाचगाव. ३४ लाखांतून तुमचे पाच वजा केले तर २९ लाख कर्ज उरतं. हप्ता पंचवीस हजारांच्या वर, म्हणजे पगाराचा जवळजवळ निम्मा, आणि इमारत पूर्ण होईपर्यंत राजारामपुरीचं भाडं सुरूच. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर वर १ टक्का जीएसटी. कर्ज २५ लाखांच्या वर गेल्यामुळं आवास योजनेतूनही बाहेर. मिस्टरांना दोन बेडरूम हवी आहेत हे मी समजू शकते, आई-वडील आले की कुठं झोपायचं हा प्रश्न खरा आहे. पण हा फ्लॅट घेतला तर त्या दुसऱ्या खोलीचं भाडं तुम्ही वीस वर्षं भरणार आहात.

पैसे असते तरी मी आज थांबायलाच सांगितलं असतं. तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर विचारला तर ‘अर्ज केलाय, येईल’ असं उत्तर मिळालं. आठपेक्षा जास्त फ्लॅट आणि पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जागा असलेल्या प्रकल्पाला महारेरा नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगही घेता येत नाही. अर्ज म्हणजे नोंदणी नव्हे. नंबर आला की महारेराच्या वेबसाइटवर तो टाकून मंजूर नकाशा, किती मजल्यांची परवानगी आहे आणि पूर्ण करायची तारीख कोणती, हे स्वतः बघायचं. साठेखत नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायलाही कायद्यानं बंदी आहे. पाचगाव महापालिकेत नाही. २०१७ साली हद्दवाढीच्या वादातून ४२ गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, त्यात ही उपनगरासारखी वाढलेली गावं आली. तिथं गावठाणाबाहेर फ्लॅटच्या इमारतीला प्राधिकरणाची परवानगी लागते. नुसता ग्रामपंचायतीचा शिक्का दाखवला तर तो परवाना समजू नका.

आणि पाणी. पाचगाव-मोरेवाडीच्या बाजूला उन्हाळ्यातलं पाणी हा कोल्हापूरकरांना नवीन विषय नाही. ज्या भागात इमारत उठतेय तिथल्याच शेजारच्या दोन-चार इमारतींत जा, खालच्या बाईंना विचारा की नळ किती दिवसांनी येतो, बोअर मे महिन्यात टिकतं का, टँकर किती मागवावे लागतात आणि ते पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे गोळा करतात. टँकरचे पैसे फ्लॅटच्या जाहिरातीत लिहिलेले नसतात, पण ते हप्त्याबरोबरच द्यायचे असतात. महापालिकेच्या हद्दीत २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं. दाब कमी-जास्त असतो, तक्रारी आहेत, पण पाणी विकत घ्यायची वेळ रोज येत नाही. हा फरक किमतीत धरा.

रमणमळ्याच्या फ्लॅटबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण तीनपैकी सगळ्यात मोह पाडणारा तोच आहे. दोन बेडरूम, तयार फ्लॅट, गावात, आणि तुमच्या आकड्याच्याही आत. ‘इतका स्वस्त का?’ हा प्रश्न तुम्ही एजंटला विचारलात का? पंचगंगेच्या बाजूला घर घेताना हा पहिला प्रश्न. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्याआधी २००५ चा पूर आहेच. पाणी नुसतं नदीकाठी थांबत नाही, जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून उलटं शहरात शिरतं. म्हणून नदी दिसत नाही अशा गल्लीतही होड्या चालल्या.

एजंट सांगेल की फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथं पाणी कसं येईल. त्याला म्हणावं, दुसऱ्या मजल्यावर येत नाही, पण खाली येतं. खालची पाण्याची टाकी मैलापाण्यात बुडते. वीज तोडतात. गाड्या आधीच हलवाव्या लागतात. जिन्यात छातीएवढं पाणी असताना सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही वर अडकून पडणार, नाहीतर आठ-दहा दिवस कुणाच्या तरी दारात जाणार. पाणी ओसरल्यावर जिन्यातला गाळ काढायला सगळ्या इमारतीनं मिळून माणसं लावायची.

तरी तुम्ही स्वतः जाऊन बघा, माझ्या सांगण्यावर सोडू नका. तळमजल्यावर जिन्याखाली वीज मीटरचा बोर्ड शोधा. नेहमीच्या उंचीपेक्षा तो बराच वर सरकवलेला असेल आणि खाली जुन्या बोर्डाच्या स्क्रूची भोकं सिमेंटनं बुजवलेली दिसत असतील, तर तुम्हाला उत्तर मिळालं. पार्किंगच्या भिंतीला एका रेषेपर्यंत नवा रंग आणि वर जुना रंग असेल, तर ती रेषा आपल्या अंगाशी लावून बघा. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, ‘२०२१ ला कुठवर आलं होतं?’ तो हातानं दाखवेल. कोल्हापुरात हे कुणी लपवत नाही, विचारलं की सांगतात. मग जलसंपदा खात्यानं आखलेल्या पूररेषेच्या नकाशावर ती जागा कुठं पडते ते महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळ्या, म्हणजे नदीकडच्या, रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी असते, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी असतात. निळ्या रेषेत असेल तर पुढं बोलणंच नको. उद्या तिथं पुनर्बांधणी करायची वेळ आली तर परवानगी सहज मिळणार नाही. सगळा रमणमळा पाण्यात जातो असं मी म्हणत नाही. एका गल्लीत येतं, दुसरीत येत नाही. पण ज्या इमारतीनं पूर पाहिलाय ती मी माझ्या घरच्या माणसाला घ्यायला सांगितली नसती, म्हणून तुम्हालाही सांगत नाही.

राहता राहिला जवाहरनगरचा फ्लॅट, आणि माझं मत त्यावरच पडतं. तुमची लॅब राजारामपुरीत, रिक्षानं थोडकं अंतर. मिस्टर सायबर चौक, विद्यापीठ करत शाहू नाक्यावर हायवेला लागले की गोकुळ शिरगाव. मुलीची शाळा, दवाखाना, भाजी, सगळं हाताशी. महापालिकेचं पाणी. उलट बाजूला एकच बेडरूम, लिफ्ट नाही, आणि शेवटचा मजला. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तिन्ही मजल्यांचं उन्हाळ्याचं ऊन आणि पावसाळ्याचं पाणी त्याच मजल्यावर उतरतं. गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीखालचा कोपरा, पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) लागून असलेला सिमेंटचा गोल पट्टा (कोबा कुठं फुटला असेल तर तिथंच फुटतो), आणि पाणी जायच्या पाईपचं तोंड बघा. मग घरात येऊन बरोबर त्याच जागेच्या खाली छताला बोट लावा. ताजा डिस्टेंपर असेल आणि बोटाला पांढरी भुकटी आली तर ओल झाकलीय. शक्य असेल तर जोराचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मालक ‘या रविवारी या’ म्हणतील, तुम्ही पावसाचा दिवस सांगा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खर्च सगळ्या इमारतीचा की वरच्या मजल्याचा, हे आधी लेखी ठरलेलं असायला हवं. यावरून भांडणं होतात, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस एकटा पडतो.

टेप घेऊन जा. ६०० फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आत मोजला तर किती भरतो ते तुमच्याच हातानं मोजा. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, बेडरूम यांची लांबी-रुंदी वहीत लिहा. बाल्कनी बंद करून खोली केली असेल तर ती मंजूर नकाशात आहे का ते बघा. स्वयंपाकघराला लागून चांगली बाल्कनी असेल तर सासरे-सासूबाई आल्यावर बाहेरच्या खोलीत दिवाण टाकून भागतं. कोल्हापुरातल्या कितीतरी संसारांचं असंच भागलंय.

कागदांसाठी एजंटचा वकील नको, तुमचा स्वतःचा नेमा. मूळ बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतची सगळी खरेदीखतं, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरायला हरकत नाही असा दाखला). या यादीत भोगवटा प्रमाणपत्रावर अडून बसा. जुन्या इमारतींत ते पुष्कळदा नसतं, ‘पंधरा वर्षं लोक राहतात की’ असं सांगतात. नसेल तर किंमत खाली यायला हवी, आणि बँकेनं कर्जाला हो म्हटलं तरच पुढं जायचं. कोल्हापुरात बऱ्याच इमारती अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, सोसायटी नसते. तिथं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदवलेलं आहे का आणि या फ्लॅटचं अपार्टमेंट डीड झालंय का ते पाहा. त्यात तुमच्या वाट्याला जमिनीचा किती टक्के हिस्सा येतो ते लिहिलेलं असतं. घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल यांच्या शेवटच्या पावत्या मालकाच्याच नावाच्या आणि थकबाकी नसलेल्या हव्यात. मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं पत्र.

किंमत २७ लाख सांगितलीय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पंधरा वर्षं झालेली, या तिन्ही गोष्टी तुम्ही बोलायच्या आहेत. पंचवीसला जमलं तर उत्तम, साडेपंचवीसपर्यंत गच्चीचं काम मालकानं करून दिलं तर चालेल. त्यावर गेलं तर सोडा. त्याच बाजूला सुभाषनगर, राजेंद्रनगर, सम्राटनगरकडं जुने फ्लॅट निघत असतात, दोन-तीन महिने रोज संध्याकाळी चालत फिरलात तर वॉचमन आणि दुकानदारच सांगतात कुठला विकायचाय.

सासऱ्यांच्या दोन गुंठ्यांबद्दल. त्यांचं मन जमिनीत आहे आणि ते मी चुकीचं म्हणणार नाही, जमीन वाढते, फ्लॅट झिजतो. पण गावाच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतात, तशा कागदानं मालकी येत नाही, आणि बँक त्यावर कर्जही देत नाही. नोंदणीकृत खरेदीखत आणि सातबाऱ्यावर तुमचं स्वतंत्र नाव, हे दोन्ही मिळत असेल तरच तो विषय पुढं न्या. शिवाय आठ लाख जमिनीत गेले की बांधायला काय उरतं? त्यांना घेऊन एकदा जवाहरनगरला जा. तीन मजले चढून ते वर बसले, चहा घेतला आणि खिडकीतून रस्ता पाहिला की त्यांनाही तुम्हालाही कळेल की ते जिने त्यांना झेपतात की नाही. हे फोनवर बोलून कळत नाही.

गाडी शिका, ताई. ही सूचना घरापेक्षा लहान वाटेल, पण केएमटीची (महापालिकेची) बस संध्याकाळी उशिरा विरळ होते आणि रोजची रिक्षा परवडत नाही. स्कूटर येत असती तर उजळाईवाडी, सरनोबतवाडीकडचे फ्लॅटही तुमच्या यादीत आले असते, आणि ती बाजू मिस्टरांच्या कंपनीच्या जवळची आहे. जवाहरनगरचं जमलं नाही तर त्या बाजूला वळा, तिथंही पाण्याचे तेच प्रश्न विचारा.

व्यवहार ठरला तर इसार पन्नास हजारांच्या वर देऊ नका, चेकनं द्या. इसारपावतीत एक ओळ घाला की कागदपत्रांत दोष निघून बँकेनं कर्ज नाकारलं तर इसार पूर्ण परत. मालक ही ओळ घालायला तयार नसेल तर त्याला कारण विचारा आणि उत्तर पटलं नाही तर चेक पर्समध्येच ठेवा. खरेदीखत नोंदवलं की त्याच महिन्यात घरफाळ्याला, पाण्याला आणि वीजबिलाला नाव लावून घ्या, सूची क्रमांक दोनची (खरेदी नोंदल्याच्या उताऱ्याची, इंडेक्स टूची) प्रत काढून ठेवा, आणि मुलीच्या शाळेच्या अर्जावर नवा पत्ता द्या. प्रवेशाचं काम डिसेंबर-जानेवारीतच सुरू होतं, म्हणून तारखा आत्ताच विचारून ठेवा.